अकरा सेकंदांचा खुलासा

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पोट सुटलेला हवालदार लाठी अर्धवट उचलून उभा होता, आणि तो आपणच आहोत हे गजेंद्र खैरनारच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. स्वतःला असं बाजूने कोण कधी बघतं? आरशात दिसतो तो समोरून, तोही दाढी करताना, गाल फुगवून. इथे मान पुढे काढलेली, टोपी मागे सरकलेली, लाठी ना वर ना खाली, आणि ओठ हलताहेत. आवाज नाही. मिलच्या त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हताच. देसाई मॅडमनी, म्हणजे चौकशी करणाऱ्या एसीपींनी, चित्र मागे नेलं आणि पुन्हा चालवलं. पुन्हा तोच ढेरपोट्या, पुन्हा तेच ओठ. कोपऱ्यात आकडे पळत होते, अकरा बत्तीस आणि चार सेकंदांपासून अकरा बत्तीस आणि पंधरा सेकंदांपर्यंत. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गुजरातीत विचारलं की खैरनारभाई, या अकरा सेकंदांत तुम्ही काय करत होतात? बाजूला रायटर जिगरभाई कीबोर्डवर बोटं ठेवून बसला होता. एसी इतका वाढवलेला होता की गजेंद्रच्या कोपरांवर काटा आला. बाहेर मे महिन्याची सुरत भाजून निघत होती आणि आत ही थंडी.

काय करत होता? प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नांची त्याला अलीकडे चीडच येऊ लागली होती. घडलं ते आता सगळ्या ठाण्याला पाठ झालं होतं. सतरा दिवसांपूर्वी, सकाळी, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमधून फोन आला की एक कामगार सुरा घेऊन उभा आहे आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. गाडीत दोघंच होते. एक गजेंद्र, बावीस वर्षं नोकरी झालेला हेड कॉन्स्टेबल. दुसरा त्याच्या हाताखालचा अमोल सूर्यवंशी, वय सत्तावीस, घरचे नंदुरबारकडचे पण स्वतः उधन्यात जन्मलेला, मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीत संपवणारा. सुपरवायझरने सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली म्हणून त्या कामगाराचं डोकं फिरलं होतं, आणि कापडाच्या गाठींच्या पट्ट्या कापायचा हातभर सुरा नेमका समोर पडलेला. मागे सरकत सरकत तो रंगाच्या मशीनांपाशी आला होता. आत शिरावं तर वाफ, घशात उतरणारा कॉस्टिकचा वास, पायाखाली राणी रंगाचं पाणी, आणि त्या वाफेत उभा होता तो कुंदन. कलाबाईचा कुंदन. गजेंद्र चार हातांवर थांबला, त्याने लाठी उचलली, आणि ती तिथेच राहिली. अकरा सेकंदांनी डावीकडून अमोल धावला. कुंदन दचकून वळला, अमोलने पातं उजव्या हाताने धरलं, आणि चार बोटांच्या शिरा कापल्या गेल्या. रक्त बघून कुंदनने सुरा टाकला आणि तिथेच ओल्यात बसून हुंदके द्यायला लागला. म्हणजे गजेंद्रच्या लाठीला त्यानंतरही काही काम उरलं नाही.

देसाई मॅडम वाईट बाई नव्हत्या, आणि हीच तर पंचाईत होती. खवट साहेब असता तर त्याच्याशी मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं. मॅडमनी त्याच्यासाठी अर्धा खुलासा स्वतःच तयार करून ठेवला होता. ओठ हलताहेत ना? म्हणजे तुम्ही इशारा देत होतात. तीन वेळा हलले, तीन वेळा इशारा. सुरक्षित अंतर राखलंत, लाठी दिसेल अशी धरलीत, समोरच्याला सुरा टाकायची संधी दिलीत. कायदा याहून वेगळं काय मागतो? नियमाप्रमाणे वरिष्ठ बोलत असताना कनिष्ठाने थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. गजेंद्रने विचारलं, मग अमोलचं काय? जखम कर्तव्यावरच झाली, पण स्वतःच्या घाईने झाली, असं लिहावं लागेल, मॅडम म्हणाल्या. हात बरा झाला तर एक ठपका, विसरून जाईल तो. आणि नाही झाला, तर त्याला खात्यात खुर्चीवर बसवायचं की कायमचं घरी बसवायचं, ते त्या एका ओळीवर ठरेल. हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. मग विचार करा म्हणाल्या आणि चहा मागवला.

विचार करा! विचार करण्याचाच तर सगळा राग होता त्याला. सहा वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत दारू प्यायलेला एक आडदांड माणूस बायकांच्या घोळक्यात घुसायला निघाला आणि गजेंद्रने त्याच्या नडगीवर एक लाठी घातली. एकच. ट्रेनिंगमध्ये शिकवलं तशी, कमरेखाली, डोकं सांभाळून. हाड तडकलं. मग तक्रार, मग चौकशी, मग चौदा महिने रोज तोच पाढा. त्या वेळचे साहेब विचारत, याहून कमी त्रासाचे कोणते तीन उपाय तुमच्या मनात आले होते? तीन! घोळका हाताच्या अंतरावर, आणि हा माणूस तिथे उभा राहून मनात उपाय मोजणार. त्याने खरं सांगितलं की एकही आला नव्हता, आणि ठपका घेतला. तेव्हापासून डोक्यात एक कारकून येऊन बसला. लाठीला हात घातला की तो कारकून पान उलटतो आणि विचारतो, गरज होती का? होती तर एवढी होती का? सांगितलं होतंत का आधी? वर कायद्याच्या क्लासला पाठवलं. तिथे मास्तर सांगत, कलम त्रेचाळीस म्हणतं की अटकेला कुणी जोराने विरोध केला तर लागतील ते सगळे उपाय वापरा. गजेंद्र मनात म्हणे, वा. तीन कलमं पुढे गेलं की शेहेचाळीस म्हणतं, पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच अडवा, त्याहून जास्त नाही. जुन्या कायद्यातही हेच होतं म्हणे, फक्त आकडे बदलले, आणि आकडे नव्याने पाठ करता करता हवालदारांचा जीव मेटाकुटीला आला. त्याने एकदा हात वर करून विचारलं होतं, साहेब, लागतील एवढे म्हणजे किती ते कुणी ठरवायचं? मास्तर म्हणाले, प्रथम तुम्ही, आणि नंतर कोर्ट. अख्खा क्लास हसला. गजेंद्रला हसू आलं नव्हतं. प्रथम तुम्ही म्हणजे एका श्वासात, आणि नंतर कोर्ट म्हणजे पाच वर्षं पंख्याखाली बसून, मागेपुढे चित्र फिरवून. यात बरोबरीचं काय होतं ते त्याला आजवर कळलेलं नव्हतं.

आणि आता गंमत बघा. पांडेसऱ्याची बातमी पसरली तशी ठाण्यातले लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागले. बघा, खैरनारसारखा जुना माणूससुद्धा लाठी उचलायला घाबरला, कायद्याने आमचे हात बांधून टाकलेत, उद्या आम्हाला कापून काढतील आणि आम्ही कलमं म्हणत उभे राहू. कुणीतरी त्याच्या नावाने व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूरही फिरवला. तो वाचून गजेंद्रने फोन उशीखाली सारला होता. कारण खरी गोष्ट अशी होती की त्या अकरा सेकंदांत कायदा त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो कारकून गप्प होता. ना त्रेचाळीस, ना शेहेचाळीस, ना गरज, ना प्रमाण. ठाण्यातले लोक ज्या भीतीचं कौतुक करत होते ती भीती त्याला वाटलीच नव्हती, आणि मॅडम ज्या संयमाची ओळ लिहायला निघाल्या होत्या तो संयमही नव्हता. मग काय होतं? हे त्याने अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं. रंजना दोनदा विचारून गप्प बसली होती.

होतं ते असं. कलाबाई त्याच्या गावची लेक. शिंदखेड्याच्या पलीकडचं गाव, गल्ली वेगळी, जात वेगळी, घरातल्या चुलीही एकमेकांना माहीत नाहीत. पण गावची लेक ती गावातल्या सगळ्या पोरांची बहीण, यात कुणाला कधी विचारावं लागत नाही. लग्न होऊन ती सुरतेला आली ती गजेंद्रच्या दोन वर्षं आधी, नवरा लूमवर. पहिलं बाळंतपण झाल्यावर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा गजेंद्र पोलीस भरतीची वाट बघत गावातच रिकामा फिरत होता. कलाबाईला सख्खा भाऊ नव्हता. तिच्या आईने याला ओट्यावरून हाक मारली आणि सांगितलं की भाचा पहिल्यांदा आजोळी आलाय, मामा लागतो तू, पाय धू त्याचे. पितळी परात, कोमट पाणी, हळद. तीन महिन्यांच्या त्या पोराचे पाय हातात धरले तर टाचा इतक्या मऊ की धरल्यासारखं वाटेचना. ते पाणी त्याने डोळ्यांना लावलं. नंतर गजेंद्रच्या आईने त्याला बजावलं होतं की आता जन्मात या पोरावर हात उचलायचा नाही, भाच्याला मारलं की मामाचा हात म्हातारपणी थरथरतो. असल्या गोष्टींवर गजेंद्रचा काही विश्वास नव्हता. विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता म्हणा, कुणी विचारलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण दर भाऊबीजेला कलाबाई आविर्भाव नावाच्या वस्तीतल्या चाळीतून चालत त्याच्या क्वार्टरवर येई, बोटांना साडीवरचे खडे चिकटवायच्या गोंदाचा वास, आणि ओवाळून झालं की कुंदनला पुढे करी. पुढे मिसरूड फुटल्यावरही कुंदन लाजून मागे सरे, आणि हा वर्दीतला मामा वाकून त्याच्या पायांना हात लावे. अमोलने एकदा ते पाहिलं होतं आणि गाडीत बसल्यावर खूप चिडवलं होतं.

मिलमध्ये, वाफेत, त्याने लाठी उचलली ती बावीस वर्षांच्या सवयीने. आणि खांद्याच्या वर ती गेलीच नाही. ठरवून नाही, कुणी सांगून नाही. खांद्यात काही दुखलं नाही, भरून आलं नाही. नुसती थांबली. त्याला ओल्या जमिनीवरचे कुंदनचे पाय दिसत होते, अनवाणी, घोट्यापर्यंत राणी रंगाचे. त्या क्षणी त्याला एवढंच वाटत होतं की पोराशी काहीतरी बोलावं. आणि तो बोलत राहिला. अमोल डावीकडून मशीनच्या आडून पुढे सरकतोय हे त्याला दिसत होतं. हे सगळ्यात वाईट. दिसत होतं, आणि थांब म्हणायचं किंवा मार म्हणायचं, दोन्हीपैकी काहीच त्याच्या तोंडून निघालं नाही. एक दांडकं मनगटावर घातलं असतं तर सुरा पडला असता, आठ दिवसांत सूज उतरली असती. हे गणित त्याला आज, एसीच्या थंडीत, किती सहज सुटत होतं! स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं वाटण्याइतकं सहज.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तो अमोलला चार वेळा भेटून आला. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजून चकचकीत झालेली. डॉक्टर म्हणत होते मूठ वळेल, पण किती वळेल ते सहा महिन्यांनी बघू. अमोल डाव्या हाताने वहीवर सही गिरवत बसलेला असे. गजेंद्र जवळच्या स्टुलावर बसला की तोच उलट याची समजूत काढे. दादा, तुम्ही त्याला इशारा देत होता ना, मी गधेडो, मशीनच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही. मला वाटलं तुम्ही अडकलात. चूक माझीच आहे, मी साहेबांना तसंच सांगणार. दर वेळी हेच. आणि दर वेळी गजेंद्र मोसंबं सोलून त्याच्या हातात देई आणि विषय बदले. चौथ्या वेळी परत येताना जिन्यात त्याला इतकी स्वतःची किळस आली की तो लिफ्टपाशी दहा मिनिटं नुसताच उभा राहिला. लोक विचारत होते, वर जायचंय की खाली.

कलाबाई मात्र गेल्या रविवारी आली. भर दुपारी, क्वार्टरच्या फाटकाशी, आत यायला तयार नाही. कुंदन लाजपोर जेलमध्ये होता, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलेलं. गजेंद्रला वाटलं ही आता हात जोडेल, भावाने भाच्यावर हात उचलला नाही म्हणून रडेल. खोटं कशाला बोला, त्या रडण्याची तो वाटच बघत होता. इतक्या दिवसांत तेवढा एकच आधार त्याने धरून ठेवला होता की बाकी सगळं चुकलं असेल, पण बहिणीचा मान राहिला. कलाबाईने पदराने तोंड पुसलं. रडली नाही.

"भाऊ, तू त्याले एक दांडकं काबरं मारं नही?"

ती म्हणाली, पाय मोडला असता तर मोडला असता, मी बसवून खाऊ घातलं असतं. पोर घरात तर राहिलं असतं. तुझ्या हातात लाठी होती की नव्हती? त्याने मान हलवली, होती. मग भाचा आहे, मामा मारत नाही, असलं काहीतरी तो पुटपुटायला गेला, तर तिने त्याला मधेच तोडलं. ते सणावारी, ती म्हणाली. सुरा हातात घेतलेल्या पोराला मामाने नाही मारायचं तर कुणी मारायचं, परक्याने? रंजना पाणी घेऊन आली तोवर कलाबाई रस्त्याला लागली होती. गजेंद्र फाटक धरून उभा. म्हणजे जिच्यासाठी म्हणून लाठी थांबली तिलाही ती थांबायला नको होती. कायद्याला नको, ठाण्याला नको, बहिणीला नको, अमोलला तर नकोच नको. मग ती थांबली कुणासाठी? या प्रश्नाने तो त्या दिवसापासून वेडापिसा झाला होता.

चहा आला तो गार झाला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. गजेंद्रने कप बाजूला सारला आणि सांगितलं की मी इशारा दिला नव्हता, ते ओठ भलतंच बोलत होते, घरचं. अमोलला मी थांब म्हटलं नाही. मी लाठी चालवायला हवी होती, तशी वेळ होती, आणि मी चालवली नाही, कारण तो माझा भाचा आहे. जिगरभाईची बोटं थांबली. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सख्ख्या बहिणीचा मुलगा? नाही. चुलत, मावस? नाही. बायकोकडून काही? नाही. एकाच जातीचे तरी? नाही, गावची आहे बहीण. मॅडमनी वैतागून सुस्कारा सोडला. त्यांचं म्हणणं असं की सख्खा भाचा असता तर निदान लिहिता आलं असतं, आप्ताच्या प्रकरणात गेलातच कसे म्हणून वेगळी चौकशी लावता आली असती. हे काय लिहू मी? कागदावर तो माणूस तुमचा कुणीच नाही. त्यांनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं. मी दिलेली ओळ घ्या, नोकरी राहील, अमोललाही मी सांभाळून घेईन. त्या खरंच कळवळून बोलत होत्या, आणि गजेंद्रला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं. अहो, आयुष्यात एकदा खरं कारण घेऊन आलोय, तर तुमच्याकडे त्याला रकाना नाही! ओरडला नाही तो. एवढंच म्हणाला की इशारा लिहू नका.

जिगरभाईने टाइप केलेलं वाचून दाखवलं. कॉन्स्टेबल अमोल यांना थांबण्याची कोणतीही सूचना नव्हती, त्यांनी प्रसंग ओळखून पुढाकार घेतला. ही ओळ गजेंद्रने दोनदा वाचून घेतली. पुढची ओळ अशी होती की सदर अकरा सेकंदांत बळाचा वापर न करण्याचं कोणतंही कारण हेड कॉन्स्टेबल खैरनार देऊ शकले नाहीत. दिलं ना पण, तो म्हणाला. मॅडम खिडकीकडे बघत होत्या. जिगरभाईने पेन पुढे केलं. कोणतंही कारण नाही, याच्या खाली त्याने पूर्ण नाव लिहून सही केली.

बाहेर बाकावर अमोल बसला होता, हात गळ्यात अडकवलेला, आज त्याचंही निवेदन होतं. गजेंद्रला पाहून तो सरकला आणि जागा करून दिली. दादा, काळजी करू नका, म्हणाला, इशारा मला ऐकू आला नाही असंच सांगतो. गजेंद्र बसला नाही. इशारा नव्हताच, तो म्हणाला, मी दिलाच नाही, तू घाई केली नाहीस, आत जाऊन तेवढंच सांग. अमोल म्हणाला, पण तुम्ही बोलत होता, मी पाहिलं, तुमचं तोंड चालू होतं. मी धावलो तोवर तुम्ही बोलतच होता.

"काय बोलत होता त्याच्याशी?"

"तुनी माय कशी शे, म्हणून विचारत होतो."

अमोलच्या घरीही अहिराणीच बोलत. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, बोटं हलवून बघितली, अंगठा तेवढा हलला. आतून जिगरभाईने त्याचं नाव पुकारलं. अमोल डावा हात टेकून उठला. गजेंद्र दारातच उभा होता.

"बाजूला व्हा, साहेब," अमोल म्हणाला, आणि आत गेला.